कोंबडा गेला, पण त्याची पिल्लं अजून मिळतील

प्रश्न: मी तीन वर्षांपासून एका जुन्या, अस्सल जातीच्या कोंबड्या पाळते. संकर नको म्हणून दुसरी एकही कोंबडी आवारात ठेवलेली नाही. महिन्याभरापूर्वी ११ कोंबड्या, एक मोठा कोंबडा, पाच महिन्यांचा एक तरणा कोंबडा आणि एका कोंबडीसोबत ९ पिल्लं होती. गेल्या तीन आठवड्यांत सहा पिल्लं दिवसाढवळ्या एकेक करून गेली. आई जोरात ओरडते, मी धावते, तोवर एक कमी झालेलं असतं. आठ दिवसांपूर्वी एक कोंबडी संध्याकाळी परत आलीच नाही, एक पीससुद्धा सापडलं नाही. आणि चार दिवसांपूर्वी पहाटे खुराडं उघडलं तर मोठा कोंबडा आणि दोन कोंबड्या मेलेल्या. एकीचं डोकंच नाही, ती जाळीला टेकून पडली होती. उरलेल्या दोघांच्या मानेवर दात, पण खाल्लेलं काहीच नाही. आणखी एकीची पाठ फाटली आहे, ती जिवंत आहे. खुराड्याला लाकडी चौकट, षटकोनी भोकांची कोंबडीजाळी आणि मातीची जमीन आहे. कुंपणापाशी रोज एक मुंगूस दिसतं. शेजारी म्हणतात, विष घालून मोकळे व्हा. विष घालू का? मोकळं सोडणं बंद करू का? कोंबडा माझ्या सगळ्या पैदाशीचा आधार होता. हे सांभाळायची माझी लायकीच नाही असं वाटायला लागलं आहे.

उत्तर: तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टींना मुदत आहे, म्हणून त्या आधी. पत्र हाती पडताच त्या तुम्हाला वेगळ्या कळवल्या आहेत. इथे इतरांसाठीही लिहितो, कारण कोंबडा गेला की बहुतेक लोक ही संधी हातची घालवतात.

कोंबडा मेला तरी त्याचं बीज कोंबड्यांच्या पोटात आहे. कोंबडीच्या अंडनलिकेत नराचं बीज साठून राहतं आणि शेवटच्या मीलनानंतर साधारण दहा ते चौदा दिवसांपर्यंतची अंडी फलित निघू शकतात. पहिल्या आठवड्यात हे प्रमाण चांगलं असतं, दुसऱ्यात भराभर उतरतं. म्हणजे चार दिवस गेले असले तरी अजून आठवडाभर हाताशी आहे. पाच महिन्यांचा तरणा कोंबडा आजच वेगळा काढा. तो नुकता आरवायला लागला असेल तर कोंबड्यांवर चढायलाही लागला असणार, आणि नंतर आलेल्या नराचं बीज आधीच्याला मागे सारतं. तो वेगळा राहिला तरच पुढची अंडी मोठ्या कोंबड्याची समजता येतील.

दिवसातून दोनदा अंडी गोळा करा आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घाला. धुऊ नका. अंड्यावरचा नैसर्गिक लेप धुतला गेला की जंतूंना आत वाट मिळते. निमुळतं टोक खाली ठेवून १३ ते १८ अंश तापमानाच्या जागी ठेवा. घरातला फ्रिज त्यासाठी फार गार पडतो. रोज एकदा ट्रे एका बाजूला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला कलता करा. सात दिवसांनंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण घटत जातं, म्हणून सगळी जमेपर्यंत थांबू नका, दोन खेपा करा. खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली दहा-बारा अंडी. नसेल तर इन्क्युबेटर: पंख्याचा असेल तर ३७.५ अंश, आर्द्रता ५० ते ५५ टक्के, अठराव्या दिवशी अंडी फिरवणं बंद आणि तिथून पुढे आर्द्रता ६५ ते ७०. सातव्या दिवशी अंधारात विजेरीसमोर धरा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू धरलं आहे, नुसतं पारदर्शक दिसलं तर अंडं फलित नव्हतं, ते काढून टाका.

एक अडचण आधीच सांगतो. हल्ल्यानंतर कोंबड्या काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही, अंडी घालणं थांबवतात. त्यामुळे उरलेल्या कोंबड्यांकडून तीसेक अंड्यांची आशा धरू नका. पंधरा-वीस मिळाली तरी भरपूर. वीस अंड्यांतून बारा-चौदा पिल्लं निघाली तर त्यात निम्मे नर. म्हणजे सहा-सात तलंगा (तरण्या माद्या) आणि तेवढेच नर, ज्यातून चांगला एक निवडता येईल. वंश टिकवायला एवढं पुरतं.

दुसरी मुदत आज रात्रीची. एकदा पोट भरलेलं, किंवा नुसतं जमलेलं, जनावर त्याच ठिकाणी परत येतं. बहुधा पुढच्या एक-दोन रात्रींतच. चार रात्री तुम्ही कशा काढल्या ते पत्रात नाही, पण खुराडं दुरुस्त होईपर्यंत सगळ्या कोंबड्यांना भक्कम भिंती आणि बंद दार असलेल्या खोलीत झोपवा. सामानाची खोली, मोठा लाकडी खोका, काहीही चालेल. फक्त वर हवा जायला जागा हवी आणि त्या जागेलाही बारीक जाळी हवी. अंधार पडल्यावर कोंबडीला दिसत नाही, तेव्हा दांडीवरून उचलून नेणं सोपं असतं. त्याच कारणाने रात्री खुराड्यात शिरलेल्या जनावरापुढे ती काहीही करू शकत नाही. जुन्या जाती चपळ आणि सावध असतात हे खरं, पण ते दिवसा. दांडीवर झोपलेली अस्सल कोंबडी आणि झोपलेली संकरित कोंबडी यांत शिकाऱ्याला काहीच फरक पडत नाही.

आता गुन्हेगार. तुम्ही एक मुंगूस धरून बसला आहात, आम्हाला मात्र इथे किमान दोन, कदाचित तीन वेगवेगळी प्रकरणं दिसतात. तुमच्या पत्रातली ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे, कारण एकाला मारून बाकीची दारं उघडीच राहतील.

मुंगूस मुख्यतः दिवसा फिरणारं जनावर आहे. कुंपणापाशी ते रोज दिसतं, म्हणूनच त्याच्यावर आळ येतो. रात्री येणारं जनावर कुणी बघितलेलंच नसतं. अंडी आणि एखादं पिल्लू मुंगसाने नेलं असेल, नाही म्हणता येत नाही. पण रात्रीचे ते तीन बळी त्याने घेतले असण्याची शक्यता कमी. मानेवर दात, तीन बळी आणि खाल्लेलं काहीच नाही, हे लहान, सडपातळ, रात्री हिंडणाऱ्या मांसाहारी जनावराचं काम: उदमांजर, रानमांजर, कुठे मार्टेन, कुठे वीझल. प्रत्येक प्रदेशात नाव बदलतं, भोक तेच असतं. अशा प्राण्याच्या डोक्यात पळणाऱ्या, फडफडणाऱ्या भक्ष्याला पकडायचं एवढंच भरलेलं असतं. उघड्या रानात पहिली धरली की बाकीच्या पळतात आणि गोष्ट संपते. बंद खुराड्यात मात्र फडफड थांबतच नाही, म्हणून मारणंही थांबत नाही. ते रक्त पिऊन जातं ही समजूत खोटी आहे.

डोकं नसलेली कोंबडी जाळीला टेकून पडली होती, ही वेगळी खूण आहे. ती बाहेरूनच मारली गेली असावी. घाबरलेली कोंबडी अंधारात जाळीवर जाऊन आदळते, मान बाहेर जाते आणि बाहेरचं जनावर जे हाती लागेल ते ओढून घेतं. म्हणजे एक जनावर आत होतं आणि दुसरं बाहेर, किंवा एकानेच आधी बाहेरून प्रयत्न केला आणि मग वाट शोधली. दोन्ही शक्यतांवर उपाय एकच.

आणि पिल्लं? आई ओरडते आणि तुम्ही पोचेपर्यंत पिल्लू गायब, मागे रक्त नाही की पिसं नाहीत. हे बहुतेक आकाशातून: कावळा, घार, शिक्रा. आई कशी ओरडते ते नीट ऐका. आकाशातला धोका दिसला की कोंबडी लांब, बारीक, एकसुरी आवाज काढते आणि पिल्लं आहेत तिथेच दबतात. जमिनीवरचं मांजर किंवा मुंगूस दिसलं तर आवाज तुटक, कटकट कटकट असा आणि मोठा असतो, आणि ती मान उंच करून एका दिशेला बघते. दोन दिवस कान दिले तर कळेल.

इतर वाचकांसाठी काही खुणा थोडक्यात. जमिनीवर पिसांचा गोल सडा आणि छातीचं मांस गेलेलं: शिकारी पक्षी, दिवसा. त्याने पिसं मुळापासून उपटलेली असतात. मांजर-कोल्ह्याने चावलेल्या पिसांचे दांडे तुटलेले असतात. अख्खी कोंबडी गेली, मागे पिसांचे एक-दोन पुंजके आणि ओढल्याची रेघ: कोल्हा, खोकड. पाच-सहा कोंबड्या विखुरलेल्या, पाठी आणि पंख फाटलेले, खाल्लेलं नाही: कुत्रा, आणि तो बरेचदा ओळखीचाच असतो. अंडी कवचासकट गायब, किंवा मेलेल्या पिल्लाचं डोकं आणि मान ओलसर चिकट: साप, गिळायला जमलं नाही म्हणून सोडून गेला. पिल्लांचे पाय कुरतडलेले, बिळाच्या तोंडाशी पिसं: उंदीर किंवा घूस. मागचा भाग फाटून आतडी बाहेर आली असतील तर लगेच जंगलाकडे बोट दाखवू नका. अंडं घालताना मागचा भाग बाहेर आला की बाकीच्या कोंबड्याच टोचून टोचून हे करतात. जखमेभोवती रक्तच नसेल तर कोंबडी आधी दुसऱ्या कारणाने मेली आणि नंतर कुणीतरी खाल्ली, असं धरा. जखमेविना दोन-तीन मेल्या तर तो आजार आहे. मानमोडीसारखा रोग असू शकतो, म्हणून उघड्या हाताने हाताळू नका, पशुवैद्यांना दाखवा.

खात्री हवी असेल तर खुराड्याभोवती दोन फूट रुंद पट्ट्यात बारीक चाळलेली माती किंवा राख पसरून ठेवा. सकाळी ठसे बघा. चार बोटं आणि नखांच्या खुणा म्हणजे कुत्रा-कोल्हा, चार बोटं आणि नखं नाहीत म्हणजे मांजरवर्ग, पाच बोटं म्हणजे मुंगूस, उदमांजर, वीझल यांच्यापैकी. अंधारात टिपणारा छोटा कॅमेरा मिळाला तर राखेची गरज नाही.

विषाचं उत्तर: नको. विष निवडून मारत नाही. विष खाल्लेला उंदीर तुमचीच कोंबडी खाईल, कारण कोंबड्या उंदीर खातात. घुबड खाईल, शेजाऱ्याचं मांजर खाईल. बहुतेक ठिकाणी वन्य प्राण्याला असं मारणं गुन्हाही आहे. सापळा लावून दूर सोडून येण्यालाही आमचं अनुमोदन नाही. मोकळी झालेली हद्द दुसरं जनावर घेतं, आणि तुमच्या खुराड्याचं भोक तेवढंच राहतं. शिवाय मुंगूस मारलंत तर उंदीर वाढतील, हा हिशेबही करून बघा.

खरा दोष जाळीत आहे. षटकोनी भोकांची ती कोंबडीजाळी कोंबड्यांना आत ठेवण्यासाठी बनली आहे, शिकाऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी नाही. तार बारीक, पीळ देऊन गुंफलेली. कुत्रा ती दातांनी फाडतो, गंजली की हातानेही फाटते आणि तिच्या भोकांतून सडपातळ जनावर सरळ आत येतं. खुराड्याला अर्धा इंच, म्हणजे १२ मिमी चौकोनी भोकांची, जस्ताचा मुलामा दिलेली वेल्डेड जाळी लावा, तार १९ गेज जाडीची. लहान साप ही समस्या असेल तर पिल्लांच्या भागाला ६ मिमीची. जुनी जाळी फेकू नका, दिवसाच्या आवाराच्या छतासाठी उपयोगी पडेल.

जाळी चौकटीच्या बाहेरच्या बाजूने ठोका. आतून ठोकली तर बाहेरून जोर लावणारं जनावर ती खिळ्यांतून सुटी करतं. बाहेरून असेल तर त्याचा जोर जाळीला चौकटीवरच दाबतो. नुसत्या यू-पिना महिन्याभरात ढिल्या पडतात. दर १० ते १५ सेंमीवर स्क्रू आणि रुंद वॉशर लावा किंवा कडेवर लाकडी पट्टी ठेवून त्या पट्टीला स्क्रू मारा. दोन तुकडे जोडताना किमान ५ सेंमी एकावर एक घ्या.

मातीच्या जमिनीसाठी दोन मार्ग आहेत. पहिला: जमिनीवरच तीच जाळी अंथरून भिंतीला जोडायची आणि वर १० ते १५ सेंमी भुसा किंवा पेंढा. दुसरा, आम्हाला अधिक पसंत असलेला: भिंतीच्या तळापासून बाहेरच्या बाजूला ४५ ते ६० सेंमी रुंद जाळीचा पट्टा आडवा अंथरायचा, दर फुटावर खुंट्यांनी जमिनीला धरायचा आणि वर माती टाकायची. गवत उगवलं की दिसतही नाही. खणणारं जनावर नेहमी भिंतीच्या बुडाशीच खणायला लागतं, तिथे जाळी लागते, आणि दोन फूट मागे सरकून खणावं हे त्याला सुचत नाही. खोल चर खणून जाळी उभी पुरण्यापेक्षा यात मेहनत निम्मी.

दांड्या जाळीपासून किमान ३० सेंमी आत सरकवा. डोकं गेलेली कोंबडी कदाचित एवढ्याने वाचली असती. दांडी साधारण ५ सेंमी रुंद, कडा गोल केलेली, प्रत्येकीला २५ ते ३० सेंमी जागा. जात वजनदार असेल तर दीड-दोन फुटांपेक्षा उंच नको, उडी मारून तळवे दुखावतात आणि गाठी होतात.

दाराला एकच फिरती कडी असेल तर ती बदला. सरकता बोल्ट आणि त्यात अडकवलेला स्प्रिंगचा हूक, अशा दोन वेगळ्या हालचाली लागल्या की बहुतेक पंजे हरतात. वर सरकणारं छोटं दार असेल तर खाली पडल्यावर आपोआप अडकणारा खटका हवा, नाहीतर नाक घालून ते उचललं जातं. आपोआप बंद होणारी दारं चांगली असतात, पण खाचेत भुसा अडकतो, बॅटरी संपते, आणि उशिरा आलेली कोंबडी बाहेर राहते. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने बंद होईल असं लावा आणि तरीही मोजणी स्वतः करा.

सगळं झालं की भर दुपारी आत बसा, दार लावून घ्या आणि प्रकाश कुठून येतो ते बघा. जिथे करंगळी आरपार जाते तिथे काम बाकी आहे. छत आणि भिंतीचा सांधा, दाराची खालची फट, बिजागरीची बाजू आणि घरट्याच्या पेटीचं झाकण या चार जागा लोक हमखास विसरतात.

याच टप्प्यावर एक चूक होते, आणि ती शिकाऱ्याइतक्याच कोंबड्या मारते. घाबरलेले लोक फळ्या, ताडपत्री लावून खुराडं डबाबंद करतात. आठ-पंधरा दिवसांत विष्ठेतला अमोनिया आणि दमटपणा साठतो, डोळ्यांतून पाणी, मग घरघर, मग श्वसनाचे आजार. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यावर, दोन समोरासमोरच्या भिंतींना, जमिनीच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक दशांश इतकी उघडी जागा हवीच. तिला तीच अर्ध्या इंचाची जाळी. पहाटे आत वाकून दीर्घ श्वास घ्या. नाक चुरचुरलं तर हवा कमी पडते आहे.

खाद्याचं मात्र तुमच्या हातून सुटलं असावं. पत्रात रात्री खाद्य कुठे असतं ते नाही. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, उंदरांमागे साप आणि मुंगूस. खाद्य पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, खायचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगलेलं, आणि दिवेलागणीला उचलून आत. कुंपणालगत गवत आणि अडगळ आठ-दहा फूट साफ ठेवा, लपून जवळ यायला आडोसा मिळता कामा नये.

मोकळं सोडणं बंद करू नका, वेळ बदला. चरायला, धूळ उधळायला, किडे वेचायला मिळालं नाही तर या जाती पाळण्यात मजाही नाही आणि खाद्याचा खर्चही वाढतो. सध्या दुपारनंतर, तुम्ही आवारात असाल तेव्हा, शेवटचे दोन-तीन तास सोडा. अंधारू लागलं की त्या स्वतःच आत येतात. बाकी वेळ जाळीच्या आवारात, प्रत्येकी १० चौरस फूट तरी. त्यावर ५ सेंमी भोकांचं ताणलेलं जाळं घातलं की घार-शिक्रा अडतात. हे जाळं जमिनीवर लोंबू देऊ नका, त्यात साप अडकून मरतात आणि कोंबड्यांचे पायही गुंततात. बाहेर चरण्याच्या जागेत दर पाच-सात मीटरवर आडोसा हवा: झुडूप, उलटी पाटी, दीड फूट उंचीचं बाक. कोंबडी धावून पोचू शकेल एवढ्या अंतरावर छप्पर असणं हे आकाशातल्या शिकाऱ्यावरचं सगळ्यात स्वस्त औषध आहे. चकाकत्या चकत्या, बुजगावणी, प्लॅस्टिकचं घुबड यांचा परिणाम चार-पाच दिवस टिकतो. नंतर कावळा त्याच घुबडाच्या डोक्यावर बसतो.

पंख कापण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण कुंपण आलं की विचार येतोच. एका पंखाची पहिली दहा लांब पिसं कापली की उडताना तोल जातो आणि कोंबडी कुंपणाबाहेर जात नाही. पण हल्ल्याच्या वेळी झाडावरही जाता येत नाही. पूर्ण बंद आवार असेल तर कापा, मोकळी सोडत असाल तर नको. नुकतं फुटणारं, देठात रक्त असलेलं पीस कधीच कापू नका.

विजेचं कुंपण कुत्रा आणि कोल्ह्यासाठी उत्तम, पण गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत जातो, आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंग काम करत नाही. ३००० व्होल्टच्या खाली आलं तर ते फक्त शोभेचं. मीटरने दर आठवड्याला तपासणार असाल तरच लावा.

उरलेल्या तीन पिल्लांना आणि पुढे निघणाऱ्या सगळ्यांना आठ आठवडे आईसह फिरत्या पिंजऱ्यात ठेवा. एक बाय दोन मीटरची तिकोनी चौकट, अर्ध्या इंचाची जाळी, अर्ध्या भागावर सावली, रोज ताज्या गवतावर सरकवायची. जमीन उंचसखल असेल तर कडेखाली फट राहते, तिथे जाळीची झालर बाहेर पसरवा. रात्री मात्र तो पिंजरा बाहेर ठेवायचा नाही.

पाठ फाटलेल्या कोंबडीला वेगळं, उबदार, अंधाऱ्या खोक्यात ठेवा. लाल जखम दिसली की बाकीच्या टोचतात. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक छोटा (चहाचा) चमचा मीठ, त्याने जखम धारेने धुवा, भोवतीची पिसं कापा, माशी बसू देऊ नका. चार दिवस झालेत, म्हणून पिसांखाली अळ्या आहेत का ते नीट बघा. कातडीखाली फुग्यासारखी हवा भरली असेल तर आतली हवेची पिशवी फाटली आहे. मांजरवर्गाच्या दातांतून जंतू खोल जातात, त्यामुळे प्रतिजैविक लागेल का हे पशुवैद्यांनीच ठरवायचं. बघायला भयंकर वाटणारी जखमसुद्धा कोंबडीत आश्चर्य वाटावं इतकी भरून येते. ती खाते-पिते आहे ना, हे जखमेच्या आकारापेक्षा जास्त सांगतं.

लायकीबद्दल: जाळीची चूक पहिल्या मोठ्या नुकसानीपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ती कोंबडीजाळी म्हणूनच विकली जाते. त्यात तुमची हयगय कुठे दिसत नाही. चूक असलीच तर सगळा वंश एका कोंबड्यावर आणि एका छपराखाली ठेवला, ही. नवी तुकडी वाढली की दोन स्वतंत्र खुराडी करा, किंवा एक नर आणि दोन-तीन माद्या विश्वासातल्या माणसाकडे ठेवायला द्या. पुढे जागा झाली तर तीन गट करा. माद्या जन्मलेल्या गटातच राहतात, नर दर पिढीला पुढच्या गटात जातात. याने भावंडांचं मीलन टळतं आणि बाहेरून नर आणायची घाई राहत नाही. अंडी फलित असूनही पिल्लं कमी निघायला लागली, निघालेली मरतुकडी असली, तर रक्त फार जवळचं झालं असं समजा. तरण्या कोंबड्यालाही काढून टाकू नका. तो मोठ्याचाच असेल तर राखीव म्हणून मोलाचा आहे. अंडी गोळा करून झाली, की मग त्याला कोंबड्यांत सोडा. फक्त नंतरची उबवणीची अंडी तीन आठवडे थांबून घ्या, म्हणजे पिल्लांचा बाप कोण याचा घोळ होणार नाही.

राहिली ती संध्याकाळी न परतलेली कोंबडी. एकही पीस नाही, ओढल्याची खूण नाही. ती मेली असं आम्ही अजून धरत नाही. या जातींच्या माद्यांना खुडूक व्हायची ओढ असते आणि त्या अंड्यांवर बसायला माणसापासून लपलेली जागाच शोधतात. अशी कोंबडी दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटं, खायला-प्यायला उठते आणि एकदम मोठी, भयंकर वासाची विष्ठा टाकते. कुंपणाच्या आसपास तशी विष्ठा शोधा. सकाळी आणि दुपारी ठरावीक जागी थोडे दाणे टाकून लांब बसा. ती आली तर हाकलू नका, पकडू नका. घाईघाईने खाऊन कुठल्या झुडपात शिरते तेवढं बघून ठेवा आणि अंधार पडल्यावर तिला अंड्यांसकट टोपलीत उचलून बंद खोलीत न्या. आठ दिवस झालेत. ती खरंच बसलेली असेल, तर मोठ्या कोंबड्याची पहिली पिल्लं तिच्याखालीच, आणखी दोनेक आठवड्यांत निघतील.